अक्षरांतून येणारं पाणी

अनयाने हायस्कूल संपवून निळी चौकोनी टोपी हवेत उडवली, आणि टोपी भाड्याची असल्यामुळे आई, बाप आणि पंचाहत्तर वर्षांचा आजोबा अशा तिघांना स्टेडियमच्या पायऱ्यांखाली वाकून वाकून ती शोधावी लागली, ते साल दोन हजार चोवीस. राजाराम मेस्त्री नातीच्या त्या समारंभासाठीच विजयदुर्गच्या खाडीवरून अमेरिकेत बॉथेलला आला होता. शिवांगी त्याची मुलगी, राजेश जावई, दोघंही दिवसभर कंप्युटरसमोर. टोपी शेवटी राजारामलाच सापडली. धूळ झटकता झटकता त्याने सवयीने तिची शिवण चाचपली आणि म्हणाला, "असली शिवण दुसऱ्या पावसात उसवेल." टोप्या गोळा करणाऱ्या बाईला राजेशने हसत काहीतरी सांगितलं. बाई विरघळली, राजारामकडे बघून तिने छातीवर हात ठेवला. उसवण्याच्या बातमीवर कोणी छातीवर हात ठेवत नाही. संशय तेव्हाच यायला हवा होता.

खरा धक्का बसला जुलैतल्या एका शनिवारी, आणि तो इतका बारीक होता की शेडमध्ये जमलेल्या दीडशे माणसांत तो दुसऱ्या कोणाला लागला नाही. राजारामने जावयाला एक वाक्य इंग्रजीत सांगायला लावलं. जावयाने ते सांगितलं. आणि त्या इंग्रजीत 'वॉटर' आलंच नाही. राजारामला इंग्रजीचे दहाबारा शब्द यायचे, त्यातला हा सगळ्यांत पक्का. विमानात त्याने तो एकट्याने सहा वेळा वापरला होता. त्याने सांगितलेलं वाक्य असं होतं: "सांग त्याला, ही फळी मारली तर पाणी आत येणार. अक्षरांतून येणार." राजेशचं इंग्रजी त्याच्या दुप्पट लांब झालं, त्यात 'फादर इन लॉ' आलं, 'व्हेरी' तीनदा आलं, पण पाणी कुठेच आलं नाही. समोरचा म्हातारा गोरा, ज्याच्यासाठी ते वाक्य होतं, त्याने मान खाली घातली आणि हळूच हलवली. मग मराठी मंडळाच्या रेखाताईने नारळ फोडला, कोणीतरी राजारामच्या हातात हातोडी दिली, फोटोवाल्याने दोन बोटांनी इकडे बघा अशी खूण केली, आणि राजारामने, चाळीस वर्षं स्वतःला बजावून ठेवलेल्या राजारामने, पहिला खिळा मारला.

फळी होती एका लांब होडीची. बॉथेलजवळच्या लेकच्या वरच्या टोकाला जुन्या लाकडाच्या वखारीत नॉर्वेहून आलेल्यांच्या नातवंडा-पतवंडांनी आपल्या पूर्वजांच्या, त्या व्हायकिंग दर्यावर्द्यांच्या होडीची हुबेहूब नक्कल बांधायला घेतली होती. चाळीस फूट लांब, दोन्ही टोकं सारखीच उचललेली, सप्टेंबरात पाण्यात सोडायची. मराठी मंडळाची अध्यक्ष रेखा, मूळची नागपूरची, तिच्या डोक्यात आलं की ते दर्यावर्दी आणि आपणही दर्यावर्दी, तेव्हा त्या होडीत एक फळी आपली असावी. तिने भारतातून सागवान मागवलं, त्यावर मंडळातल्या चौसष्ट कुटुंबांची नावं मशिनने जाळून कोरून घेतली, आणि मग कोणीतरी तिला म्हणालं की शिवांगीचे वडील तर खरेखुरे होड्या बांधणारे आहेत. रेखा त्याच संध्याकाळी ढोकळा घेऊन हजर. "काका, तुम्ही म्हणजे आमच्यासाठी गॉडसेंड आहात. शेअर्ड हेरिटेज म्हणतात ना, ते तुम्ही आहात." राजारामने विचारलं, "फळी किती बोटं जाड आहे?" रेखा म्हणाली, "ते बघून सांगते काका, पण फिनिश खूप सुंदर आहे."

शेडमध्ये कामाला येण्याआधी एका कागदावर सही लागत होती. राजेशने कागद पुढे केला, "नॉर्मल आहे बाबा, सगळे करतात, करून टाका." राजारामने पेन टेबलावर ठेवलं. काय लिहिलंय ते कळल्याशिवाय तो सही करत नाही हे शिवांगीला ठाऊक होतं, राजेशला लग्नाला वीस वर्षं होऊनही ठाऊक नव्हतं. शेवटी अनयाने कानातला इअरफोन काढून ती चार पानं वाचली आणि म्हणाली, "आजोबा, इट्स लाइक, तुम्ही मेलात तर कोणाचा फॉल्ट नाही." "असं?" म्हणत राजारामने ताबडतोब सही केली. राजेश वैतागून म्हणाला, "अगं असं काय सांगतेस." पण राजारामला चार दिवसांत पहिल्यांदा बरं वाटलं. पोरीच्या मराठीत सभ्यपणाला जागाच नव्हती. आला अर्थ तसा टाकायची.

आणि शेडमध्ये पाऊल ठेवलं तेव्हा तर तो सगळा वैताग विसरला होता. होडीच्या पोटात एकही फासळी नव्हती. नुसत्या फळ्या, एकीच्या काठावर दुसरीचा काठ चढवत, लोखंडी खिळ्यांनी जखडत, कशाच्याही आधाराशिवाय आकार घेत वर चाललेल्या. त्याच्याकडे फळीला फळी अंगाशी अंग लावून बसवतात, इथे कौलांसारखी चढवतात, एवढाच फरक. पण आधी फळ्या आणि मग आतल्या फासळ्या, हे त्याच्या बापाचं काम होतं. पुढे नकाशेवाले आले, आधी फासळ्यांचा सांगाडा उभा करून त्यावर फळ्या ठोकू लागले, आणि बापाची रीत कुणाला नको झाली. ती इथे, इतक्या लांब, डांबराच्या वासाच्या थंड शेडमध्ये चालू होती. त्याने एका फळीवर हात फिरवला. पलीकडून एका म्हाताऱ्याने त्याच फळीवर हात फिरवला. तो स्वेरे, पाण्याचं ते वाक्य पुढे ज्याच्यासाठी होतं तोच, एक्याऐंशीचा, जन्मभर मासेमारीच्या बोटी दुरुस्त केलेला, डाव्या कानाने बहिरा, तिथला मुख्य कारागीर. राजारामच्या जिभेला ते नाव वळेना, म्हणून त्याने मनात त्याचा शिवराम करून टाकला. सहा आठवडे दोघं मंगळवार-गुरुवार शेजारी शेजारी काम करत होते. शब्दांची गरज पडली नाही. एकाने रंधा ठेवला की दुसऱ्याला कळायचं की आता पात्याला धार लावायचीय. हा खरा सामायिक वारसा रेखाच्या कुठल्याच फोटोत आला नाही, कारण त्यात दोन म्हातारे एकमेकांकडे पाठ करून उभे असायचे.

मग ती फळी आली. पॉलिश केलेली, चकचकीत, कोणाच्या तरी दिवाणखान्यात शोभेल अशी. नावांच्या दोन ओळी, कडेला कडेला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, करंगळीचं नख बुडेल इतक्या खोल. राजारामला इंग्रजी अक्षरं वाचता येत नव्हती, पण वरची ओळ कुठे आहे हे बघायला वाचावं लागत नाही. पुढची फळी जिथे या फळीवर चढणार, ती तीन बोटांची पट्टी, जिथे डांबरात भिजवलेली लोकर दाबून दोन्ही फळ्या खिळ्यांनी आवळायच्या आणि पाणी कायमचं बाहेर ठेवायचं, नेमकी तिथे बत्तीस कुटुंबांची नावं. म्हणजे पाण्यासाठी बत्तीस नाल्या, एकमेकींना लागून. लोकर वर बसेल, नाल्या खाली मोकळ्या राहतील. पाण्याला एवढीशी वाट पुरते. हे ज्याने कंप्युटरवर काढलं त्याला होडीची एक फळी दुसरीवर चढते हेच माहीत नव्हतं, आणि ज्यांना माहीत होतं ते दोघं हातोड्या धरून फोटोत उभे होते.

त्या शनिवारी परतीच्या वाटेवर गाडीत राजारामने विचारलं, "तू त्याला काय सांगितलंस?" राजेश गाडी चालवताना नेहमी जरा पुढे झुकून बसायचा, नोकरी पुढच्या वळणावर उभी असल्यासारखा. ऑफिसात वसंतात माणसं काढली होती, आणखी काढणार होते. "सांगितलं ना बाबा, जे तुम्ही बोललात ते." "पाणी सांगितलंस?" राजेशने आरसा उगाच सरळ केला. मग म्हणाला, "बाबा, इथे असं डायरेक्ट बोलत नाहीत. मी म्हटलं, ही फळी तुमच्यासाठी खूप मोठी गोष्ट आहे, तुम्हाला भरून आलंय. दीडशे लोक होते यार, सॉरी, बाबा. रेखाताई समोर उभी. त्या क्षणी मी काय सांगणार, की फळी खराब आहे?" "हो." "आणि तसंही त्या स्वेरेनेच मागून घेतली फळी. रेखाताई म्हणाली, त्याचाच आग्रह आहे." राजारामने काच खाली केली. राजेशने आपल्या बाजूच्या बटणाने ती वर केली, कारण एसी चालू होता.

राजारामला जावयाचा राग धड येत नव्हता, आणि त्याचाच जास्त वैताग होत होता. कारण तो आवाज त्याच्या ओळखीचा होता. मऊ, कडा घासलेला, ऐकणाऱ्याला कुठे टोचू नये म्हणून आधीच तासून आणलेला. हा त्याचा स्वतःचाच आवाज होता, चौतिसाव्या वर्षीचा. ज्याची होडी तो बांधत होता तो शेट सावलीत खुर्ची टाकून बसला होता आणि राजाराम त्याच्यासमोर उभा राहून म्हणत होता, "शेट, बघा, म्हणजे तुमची मर्जी, पण ती खालची फळी जरा बदलली असती तर, म्हणजे बरं दिसलं असतं." बरं दिसलं असतं. फळी आतून भुंग्याने खाल्लेली होती. बोटाने दाबली तर बोटाला गार लागायचं. ती बदला, नाहीतर होडी बुडेल, एवढंच वाक्य होतं, पाच-सात शब्दांचं, आणि ते त्याने इतकं तासलं की शेवटी त्यात बुडणं उरलंच नाही. शेटने सुपारी कातरत म्हटलं, "चालेल रे." मग कारकुनाने कागद आणला. राजारामला तेव्हा एक अक्षर येत नव्हतं. सगळे करतात, म्हणाला कारकून. राजारामने अंगठा उठवला. होडी कौलं भरून मुंबईला निघाली, दिवाळीच्या नंतर, आणि तिच्यावर खलाशी म्हणून त्याचा धाकटा भाऊ यशवंत होता, कारण राजारामनेच शेटकडे त्याच्यासाठी शब्द टाकला होता. मागून चौकशी झाली तेव्हा शेटने तोच कागद काढला. साहेबाने तो मोठ्याने वाचून दाखवला: लाकूड सुताराने स्वतः निवडलं, तपासलं, पसंत केलं. खाली अंगठा. आपण काय कबूल केलं हे राजारामला भाऊ गेल्यानंतर महिन्याभराने, परक्या माणसाच्या तोंडून कळलं.

पुढच्या वर्षी जूनमध्ये शिवांगी पहिलीत गेली. ती पाटी घेऊन बसली की हा शेजारी बसायचा. सहा वर्षांची पोर त्याचा हात धरून म्हणायची, "असं नाही हो बाबा, आधी कणा, मग पोट." लाकूड तासायला वाकस धरणाऱ्या हाताला पेन्सिल धरता येत नव्हती, तीन पाट्या फुटल्या. बायको हसायची. पण त्याला वाचायची हौस नव्हती. पुढच्या वेळी कोणी कागद पुढे केला तर त्यात काय आहे ते आपल्या डोळ्यांनी बघायचं, एवढ्यासाठी तो शिकला. आणि शिकल्यावर पहिल्यांदा जे लिहायचं मनात होतं ते त्याने कधी लिहिलं नाही. पोस्टकार्डं लिहिली, लाकडाच्या याद्या लिहिल्या, शिवांगीला पुण्याच्या होस्टेलवर पत्रं लिहिली. ते एक वाक्य राहिलं.

मंगळवारी तो शेडमध्ये गेला तेव्हा स्वेरे पुढची फळी तासत होता. चार दिवसांत ती वर चढणार, नावांची ओळ तिच्याखाली गाडली जाणार, मग काढायची म्हणजे दोन फळ्या उखडायच्या, आणि सप्टेंबर जवळ आलेला. होडीत पोरं बसणार होती, अनया वल्ही मारायला नाव देऊन आली होती, कोरड्या शेडमध्ये वल्हं धरून काढलेले तिचे खोटे फोटो सगळ्यांना गेले होते. राजाराम कामाला लागला नाही. तो बाकड्याखाली वाकला. तिथे नमुन्याचा तुकडा पडलेला त्याने पाहिला होता: तेच लाकूड, तसलीच कोरलेली अक्षरं, फळी कोरण्याआधी मशिनवाल्याने पाठवलेला. त्याने त्या अक्षरांवर डांबरातली लोकर पसरली, वर एक साधी फळी ठेवली, क्लॅम्पने दोन्ही आवळली, घाम येईपर्यंत आवळली, आणि ते जोडकाम उभं धरून वरच्या बाजूला बाटलीतलं पाणी ओतलं. मोजायला लागला. अकरा म्हणेपर्यंत खालच्या टोकाला एक थेंब लटकला. मग दुसरा. मग धार लागली आणि ती स्वेरेच्या बुटावर पडली.

स्वेरेने बुटाकडे पाहिलं. मग तुकड्याकडे. मग राजारामकडे, इतका वेळ, की राजारामला वाटलं आता हा म्हातारा रागावणार, शेवटी आग्रह त्याचा. स्वेरे वळला, भिंतीकडच्या कपाटाशी गेला, किल्ली काढली. आतून त्याने काही उचलून आणून बाकड्यावर ठेवलं. सागवानाचा नमुन्याचा दुसरा तुकडा. वर साधी फळी. मध्ये लोकर. दोन क्लॅम्प. आणि खाली एक वाडगा, त्यात दोन बोटं पाणी, वर धूळ बसलेली. आठवडाभर तरी जुनं.

राजारामला हसू आलं, आणि हसता हसता संताप आला, आणि तो कोणावर काढावा ते कळेना म्हणून त्याने बाकड्यावर मूठ आपटली. वाडग्यातलं पाणी हललं. स्वेरेनेही मूठ आपटली. शिवांगी त्याला न्यायला आली तेव्हा दोन म्हातारे बाकड्याच्या दोन बाजूंना उभे होते आणि दोघांचे चेहरे लाल होते. तिला वाटलं भांडण झालं. "काय झालं बाबा?"

"विचार त्याला," राजाराम म्हणाला, "फळी गळणार हे ठाऊक होतं तर बोलला का नाही? आणि जसं मी म्हणतोय तसंच विचार. एक शब्द गाळलास तर गावी चालत जाईन."

शिवांगीने विचारलं. स्वेरे तिच्याशी बोलताना उजवा कान पुढे करायचा, तसा केला आणि बराच बोलला. शिवांगी ऐकत होती, मध्येच तिने कपाळाला हात लावला. "बाबा, ते म्हणतात, त्यांना फळी पहिल्या दिवसापासून नको होती. पण रेखाताईने सांगितलं की ही तुमच्यासाठी पवित्र वस्तू आहे. म्हणून त्यांनी शनिवारपर्यंत वाट बघितली, म्हटलं हा माणूस कारागीर आहे, तो स्वतःच बोलेल. तर राजेशने सांगितलं की तुम्हाला भरून आलंय. ते म्हणतात, त्यांना खूप वाईट वाटलं. तुमच्याबद्दल. इतका चांगला हात असून याला एवढंही कळू नये."

हे शेवटचं वाक्य राजारामला जितकं झोंबलं तितकंच आवडलं. इतक्या आठवड्यांत, अनयाचं सोडलं तर, त्याच्यापर्यंत पोचलेलं हे पहिलंच न तासलेलं वाक्य होतं. "सांग त्याला, मलाही त्याच्याबद्दल तेच वाटत होतं." शिवांगीने सांगितलं. स्वेरेने कपाटातून पहार काढली.

फळी काढायला दोन दिवस लागले. एकेक खिळ्याचं डोकं पटाशीने उडवायचं, मागून ठोकून बाहेर घ्यायचा. राजारामने आपण मारलेला पहिला खिळा शोधला आणि तो आधी काढला. गुरुवारी रेखा आली, फोनवर कोणाशी तरी बोलत बोलत आत शिरली आणि भिंतीला टेकवलेली फळी बघून तिने फोन बंदच केला. "काका, हे काय केलंत? लोकांच्या भावना आहेत हो त्यात." राजारामने पाणी कसं येतं ते समजावलं. तुकडा दाखवला, वाडगा दाखवला. रेखा म्हणाली, "काही सीलंट वगैरे नाही का लावता येत?" राजारामने पुन्हा सांगितलं. "पण काका, सिम्बॉलिक व्हॅल्यू." तेव्हा त्याने वैतागून एक लांब पट्टी घेतली आणि नावांच्या वरच्या ओळीवर आडवी ठेवली. "पुढची फळी अशी चढते, बाई. ही वरची ओळ तिच्याखाली जाते. दिसणार नाही." रेखा वाकली. पट्टीखाली कोणकोण आहेत ते तिने वाचलं. तिचं स्वतःचं नाव तिसरं होतं. "अय्या," ती म्हणाली, "मग हे आधी का नाही सांगितलं कोणी?" होडी बुडेल याने जे झालं नाही ते नाव बुडेल याने एका मिनिटात झालं. त्या फळीचा मंडळाच्या हॉलमध्ये बाक करायचा ठरला. बाक उत्तम होणार होता. लाकडाचा तो जन्मच बाकाचा होता.

शनिवारी सकाळी चहाचा कप घेऊन राजेश राजारामसमोर बसला आणि म्हणाला, "बाबा, माझं चुकलं असेल. पण मी दिवसभर हेच करतो. वरच्यांना खालचं सांगायचं, खालच्यांना वरचं, कोणाला लागू नये असं. सवय झालीय." राजाराम म्हणाला, "मलाही होती." जावयाने वर पाहिलं. राजारामला सांगायचं होतं, तोंडात आलंही होतं, पण राजेशच्या डोळ्यांखालचं काळं बघून त्याने ते गिळलं, आणि गिळल्यावर स्वतःवरच चिडला, की हे पुन्हा तेच.

नवी फळी इथल्याच झाडाची, साधी, बिनपॉलिशची, रंध्याखाली लांब लांब साली सोडणारी. ऑगस्टच्या दुसऱ्या मंगळवारी ती जागेवर बसली. वरची फळी चढवायच्या आधी, लोकर पसरायच्या आधी, स्वेरेने कानामागची सुताराची चपटी पेन्सिल काढली आणि चढाच्या तीन बोटांच्या पट्टीवर, जिथे नंतर जन्मात कोणाची नजर जाणार नाही तिथे, काहीतरी लिहिलं. दोन ओळी. एक नाव असावं, शेवटी आकडे होते. आकडे राजारामला वाचता आले, एकोणीसशे एकाहत्तर. त्याने विचारलं नाही. शिवांगी होडीच्या पलीकडे उभी होती, तिने सांगितलं, "त्यांच्याकडे असं करतात म्हणे. आधीच्या सगळ्या फळ्यांखालीसुद्धा आहे काही ना काही." स्वेरेने पेन्सिल राजारामपुढे धरली.

पेन्सिलीने पाणी येत नाही. रेघ लाकडाच्या वर राहते. राजारामने बोटाने जागा पुसली, गुडघा टेकला. फळीचा उतार होता, आणि त्याला आठवलं: आधी कणा, मग पोट. तो सावकाश लिहीत होता. शिवांगी पलीकडून वाकून उलटी अक्षरं वाचू लागली, आणि अर्ध्यावर आल्यावर तिने होडीचा काठ दोन्ही हातांनी धरला. हे वाक्य तिने घरात कधी ऐकलं नव्हतं. काका समुद्रावर गेला, एवढंच तिला लहानपणी सांगितलेलं. लिहून झाल्यावर राजारामने ते एकदा वाचलं, काही गाळलंय का पाहिलं, आणि स्वेरेला मान हलवली. स्वेरेने लोकर पसरली, डांबराचा हात फिरवला. वरची फळी चढली. राजारामने पहिला खिळा मारला.

फळीखाली लिहिलं आहे: यशवंत मेस्त्री, राजारामचा धाकटा भाऊ, वय सव्वीस, मी बांधलेल्या होडीतून बुडून वारला, देवगडसमोर, समुद्र शांत असताना, शनिवार दिनांक १२ नोव्हेंबर १९८३.